आत कोण उतरणार

माधवीची आई मनकर्णा ऑगस्टातल्या एका मंगळवारी दुपारी गेली. माधवी तेव्हा माधापूरच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होती. टेबलावरचा फोन थरथरला आणि पडद्यावर ‘बाबा’ असं आलं. बाबा दुपारी फोन करत ते गॅसच्या सिलिंडरसाठी, नाहीतर कुरियरवाला आला म्हणून. तिने फोन उलटा ठेवला. तो आणखी दोनदा थरथरला. मीटिंग संपल्यावर तिने फोन लावला तेव्हा बाबांच्या फोनवर नल्लकुंट्याच्या घराची शेजारीण बोलली. अम्मा स्वयंपाकघरात पडली होती, ऑटोतून दवाखान्यात नेली होती. मेट्रो बदलून माधवी पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. बाबा, किशनराव, दवाखान्याच्या व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्या हातात मनकर्णाच्या चपला होत्या.

‘फोन का नाही उचललास’ असं त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी नाही, पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही.

माधवीला रडू येईल असं वाटत होतं, पण ते आलं नाही. परभणीहून आलेल्या मावश्या गळ्यात पडून रडल्या, तेव्हा ती त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि मनात चहाचे कप मोजत राहिली. सहाव्या दिवशी ती कामावर गेली. डब्याला भात आणि पप्पू, म्हणजे इकडचं वरण, स्वतःच करू लागली. जेवताना चव लागायची, पण खाऊन झाल्यावर काय खाल्लं ते आठवायचं नाही. बाप-लेक एका घरात राहत आणि ‘दूध आणलं का’, ‘मोटर बंद केली का’ एवढंच बोलत.

त्या दुपारच्या मीटिंगमध्ये विषय होता एका बँकेच्या इमारतीचा. समुद्राकाठच्या एका परक्या बंदराच्या शहरात ती उभी राहणार होती, शेहेचाळीस मजल्यांची. शहराचं नि बँकेचं नाव करारामुळे बाहेर सांगायची मनाई होती. ऑफिसात सगळे नुसतं ‘हार्बर’ म्हणत. माधवीची कंपनी मोठ्या इमारतींच्या लोखंडी सांगाड्यांची मॉडेल्स कॉम्प्युटरवर बनवायची. प्रत्येक तुळई, प्रत्येक प्लेट, प्रत्येक बोल्ट. त्या मॉडेलवरून तिकडच्या कारखान्यात लोखंड कापलं जाई.

हार्बरची गंमत त्या इमारतीच्या पायांत होती. जिथे ती उभी राहायची होती तिथून जुना रस्ता बोटींच्या धक्क्याकडे उतरत होता. रस्त्यावरून पाणी दिसलंच पाहिजे, असा त्या शहराचा नियम होता. म्हणून आर्किटेक्टने अख्खी इमारत उचलून आठ मजले वर नेली होती आणि चार कोपऱ्यांतल्या चार पायांवर ठेवली होती. खाली मधे एकही खांब नव्हता. माणसाने रस्त्यावर उभं राहावं, वर बँकेचं पोट बघावं आणि त्याच्या खालून बंदरातली जहाजं बघावीत. मधल्या खांबांचं ओझं कोपऱ्यांकडे न्यायला इमारतीच्या चारही अंगांवर बाहेरून जाड तिरक्या तुळया होत्या. त्या वरपासून खाली तिरप्या येत आणि कोपऱ्यातल्या पायांना मिळत. जिथे मिळत, तो सांधा. असे सोळा सांधे होते आणि ते सगळे माधवीकडे होते.

डिसेंबरात एका रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. किशनराव पेपर वाचून झाल्यावर उगाच मागे येऊन उभे राहिले. ते चौतीस वर्षं वेल्डर होते. सनतनगरकडच्या एका कारखान्यात लोखंडी टाक्या बनवायचे, तिथेच निवृत्त झाले. त्या कारखान्याच्या जागी आता फ्लॅट होते.

“हे काय हाय?” त्यांनी विचारलं.

आई गेल्यापासून त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता तो, दूध-मोटर सोडून. माधवीने खुर्ची सरकवली.

“बँक आहे. ही पूर्ण बिल्डिंग या चार पायांवर.”

“चारच?”

“चारच.”

“समुद्राचा वारा कसा सोसंल?”

“या तिरक्या तुळया आहेत ना. आपल्या रॅकच्या मागे तुम्ही तिरकी पट्टी मारली होती, हलायचं थांबलं. तसंच.”

किशनराव वाकले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पडद्याजवळ तोंड नेलं. माधवीने माउस फिरवून सांधा मोठा केला. बाहेरून तो एक मोठा लोखंडी पेटारा दिसत होता. ती लोखंडातून आत गेली. आत आडव्या-उभ्या प्लेटांचे कप्पे होते, आणि प्रत्येक प्लेटच्या कडेला वेल्डिंगच्या खुणा होत्या.

“परत बाहेर ये,” ते म्हणाले. ती बाहेर आली. “आता आत जा.” ती गेली.

“तू कॉम्प्युटरमधे लोखंडातून आरपार जातीस,” किशनराव म्हणाले. “माणूस कुठून जाणार?”

माधवीने खालच्या बाजूचं भोक दाखवलं. लंबगोल, पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद.

“आन् आतला कप्पा केवढा?”

“साठ बाय ऐंशी.”

“हे शेवटचं पत्रं लावल्यावर ह्या आतल्या कडेला वेल्डिंग मारायचं म्हणलं तर माणूस आतच पाहिजे. दुसरा रस्ता नाही.” त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. “गॅसवालं वेल्डिंग असंल ना? कार्बन डायऑक्साइडवालं?”

“हो.”

“मंग तो गॅस आत साठतो. तळाला बसतो. वास नाही, ठसका नाही. माणसाला वाटतं झोप आली. दत्तोबा तसाच गेला.”

दत्तोबाचं नाव माधवीने लहानपणी ऐकलं होतं. बाबांचा जोडीदार, कारखान्यातच गेला, एवढंच तिला ठाऊक होतं.

“टाकीत?” तिने विचारलं.

“टाकीत. दहा मिनटं.” किशनरावांनी चष्मा खाली घेतला. “हे असले कप्पे किती?”

“सोळा सांधे. एकेकात चार.”

आत जाऊन त्यांनी नळ सोडला आणि बराच वेळ हात धुतले.

माधवीला भीती वाटली नाही की राग आला नाही. तिने फक्त वही घेऊन चौसष्ट हा आकडा लिहिला. चौसष्ट वेळा कुणीतरी त्या भोकातून आत जाईल. मग तिने लॅपटॉप बंद करून भाजी चिरायला घेतली.

सोमवारी ती पुष्कर सरांकडे गेली. पुष्कर सर पुण्याचे, तिच्या टीमचे प्रमुख, वयाने तिच्याएवढेच. माणूस वाईट नव्हता. आई गेली तेव्हा घरी येऊन गेले होते, चपला बाहेर काढून दहा मिनिटं गप्प बसले होते.

त्यांनी मॉडेल बघितलं. “माधवी, डिझाइन तिकडचं आहे. वेल्डिंग कसं करायचं ते फॅब्रिकेटरचा कारखाना बघेल. आपलं काम त्यांनी दिलेलं मॉडेलमधे उतरवायचं.”

“ते माणूस आत घालतील, सर.”

“त्यांचे सेफ्टीचे नियम असतात.”

“नियम टाकीलाही असतात.”

“कुठल्या टाकीला?”

तिने सांगितलं नाही. पुष्कर सर म्हणाले, “दोन सांध्यांच्या प्लेटा ऑलरेडी कापून झाल्यात. आता हे काढलं तर सगळे सोळा परत करायला लागतील. मी एक मेल टाकतो, बघू.”

मेल गेला की नाही ते तिला कळलं नाही. दोन आठवडे उत्तर आलं नाही. ती सांधे पुरे करत राहिली. सहावा, सातवा. रोज संध्याकाळी जेवताना किशनराव विचारत, “झालं काय?” आणि ती म्हणे, “नाही अजून.” मग दोघं जेवत. त्या दोन आठवड्यांत तेवढंच एक वाक्य घरात नवं होतं.

जानेवारीतल्या गुरुवारच्या मीटिंगमध्ये पडद्यावर तिकडची मुख्य इंजिनियर होती, पांढरे केस आखूड कापलेली एक बाई. शेजारच्या चौकोनात कारखान्याचा माणूस होता. पुष्कर सर पुढच्या तारखा वाचून दाखवत होते. माधवी अशा मीटिंगमध्ये कधी बोलत नसे. तिचं नाव फक्त यादीत असे. तिचा फोन टेबलावर पालथा होता. तिने तो उचलून सुलटा ठेवला आणि माइक चालू केला.

“मला एक विचारायचंय,” ती इंग्रजीत म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच सपाट वाटला. “नवव्या मजल्याच्या सांध्यात, आतल्या कप्प्याचं वेल्डिंग करायला आत कोण उतरणार?”

पुष्कर सरांनी तिच्याकडे बघितलं. मग कारखान्याचा माणूस हसून म्हणाला, “त्याची काळजी नको. आमच्याकडे लहान चणीची माणसं आहेत.”

पांढऱ्या केसांची बाई हलली नाही. क्षणभर माधवीला वाटलं, चित्र अडकलं. मग त्या बाईने विचारलं, “आतल्या कप्प्याची मापं पुन्हा सांगता?”

माधवीने मापं सांगितली. भोकाचं सांगितलं. गॅस कुठे साठेल ते सांगितलं. तिच्या वडिलांचे एक जोडीदार असे गेले, हेही ती त्याच आवाजात बोलून गेली, सेंटिमीटर सांगावेत तसं. बाई लिहून घेत होती. लिहून झाल्यावर म्हणाली, “हे मी बघायला हवं होतं. सांध्यांचं काम आज थांबवा.”

मीटिंगनंतर पुष्कर सरांनी तिला थांबवलं.

“असं सगळ्यांसमोर काढायच्या आधी मला सांगायचं ना.”

“सांगितलं होतं, सर.”

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. “हो,” ते म्हणाले, “सांगितलं होतंत.”

तीन आठवड्यांनी नवी ड्रॉइंग्ज आली. शेवटची प्लेट आता दोन भागांत होती आणि तिचं वेल्डिंग बाहेरून होत होतं, कडेला मागून एक पट्टी देऊन. आतले कप्पे चाराचे दोन झाले होते आणि खालचं भोक गेलं होतं. आत जायला वाटच उरली नव्हती. सोळा सांधे पुन्हा करायला लागले. टीममधली मुलं माधवीशी काही दिवस तुटक वागली. तिला त्याचं काही वाटलं नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी तिने लॅपटॉप किशनरावांपुढे ठेवला. त्यांनी सांधा सगळ्या बाजूंनी फिरवायला लावला. खालून, वरून, मग परत खालून.

“बाहेरून मारता येतंय,” ते म्हणाले.

“हो.”

“आत कुणी नाही.”

“कुणी नाही.”

त्यांनी मान हलवली. माधवी लॅपटॉप मिटणार तेवढ्यात ते बोलले, “दत्तोबा आत होता तवा बाहेर मी होतो.”

ती थांबली.

“एक जण आत गेला की एकानं भोकापाशी बसायचं. दर दोन मिनटाला हाक द्यायची. त्यानं आतून ठोकायचं. माझी पाळी होती.” ते टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. “थंडी होती. मी म्हणलं, चहा घेऊन येतो. त्यो आतून म्हणला, हौ, जाके आ. मी गेलो. टपरीवर गर्दी होती. दोन कप घेऊन आलो. हाक दिली.”

त्यांचा अंगठा टेबलाच्या कोपऱ्यावर थांबला.

“कुणाला माहीत आहे?” माधवीने विचारलं.

“तुझ्या आईला. कारखान्यात कुणी विचारलं नाही. मालकानं लिहून घेतलं, अपघात. मी वाट बघत होतो, कुणीतरी इचारंल, किशन, तू कुठं होतास. कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.”

खाली गल्लीत भाजीवाल्याचा भोंगा लावलेला टेम्पो तेलुगूत टोमॅटोचा भाव ओरडत गेला.

“बाबा,” माधवी म्हणाली, “तुम्ही मला विचारा.”

त्यांना कळलं. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, “राहू दे.”

“नको राहू दे. विचारा.”

किशनरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मी तीनदा फोन लावला,” किशनराव म्हणाले. “का नाही उचललास?”

“मीटिंग चालू होती. तुमचं नाव बघितलं मी. फोन उलटा ठेवला.”

“बघून ठेवला?”

“बघून.”

“हं,” ते म्हणाले. त्यांनी तिला माफ केलं नाही की दोष दिला नाही. उठून दोघांची ताटं घेतली आणि वाढायला लागले. भात तिच्या ताटात जरा जास्त पडला, तो तिने परत काढला नाही.

जेवण झाल्यावर ते म्हणाले, “दत्तोबाची बायको सीताफळमंडीला ऱ्हाते. गीता. सत्तावीस वर्षांत मी गेलो नाही. उद्या जाऊ काय?”

“जाऊ.”

रविवारी सकाळी अकराला ते सीताफळमंडीच्या एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर पोचले. दार गीताबाईंनीच उघडलं. साठी ओलांडलेली, उंच बाई. अंगावर घरातली सुती साडी, हाताला पीठ. त्यांनी किशनरावांना लगेच ओळखलं. चेहऱ्यावर काही आलं नाही.

“जयभीम,” किशनराव म्हणाले.

“जयभीम. या.”

आत बाबासाहेबांच्या फोटोशेजारी दत्तोबांचा फोटो होता. फोटोत त्यांचं वय तिशीचं होतं आणि केस मधून भांग पाडून चापून बसवले होते. किशनराव त्या फोटोसमोरच्या खुर्चीत बसले आणि नमनाला घडाभर तेल न घालता सांगू लागले. पाळी कुणाची होती. थंडी. चहा. टपरीवरची गर्दी. बोलताना ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून होते, साहेबापुढे बसल्यासारखे. गीताबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. हातावरचं पीठ वाळत चाललं होतं.

“माहीत हाय मला,” त्या म्हणाल्या.

किशनरावांनी वर बघितलं.

“मनकर्णानं सांगितलं होतं. त्याच वर्षी. पोरगीला काखेत घेऊन आली होती. म्हणली, वहिनी, हे असं झालं, तुम्हाला माहीत असावं.” त्यांनी माधवीकडे बघितलं. “तू असशील ती. सात-आठ वर्षांची व्हतीस, तरी काखेतच. ताप होता तुला.”

माधवीला काहीच आठवत नव्हतं.

“तवापासून दर डिसेंबरला येते. त्यांच्या तारखेला. एक दिवस राहून जाते. तुम्हाला सांगते, चुलत बहिणीकडं चालले.”

“दिलसुखनगरला,” किशनराव पुटपुटले.

“मी तिला म्हणायची, तुझा नवरा कधी येणार? ती म्हणायची, येतील. पहिली काही वर्षं मी वाट बघितली. मंग सोडून दिली.” गीताबाईंच्या आवाजात राग नव्हता, होता तो कधीचाच वापरून संपला असावा. “आज आलात. बरं केलं. पण ती कुठंय? या डिसेंबरला आली नाही. फोन लावला तर बंद.”

किशनराव खुर्चीत वळले. त्यांनी माधवीकडे बघितलं.

गेल्या सहा महिन्यांत ते वाक्य दुसऱ्यांनीच म्हटलं होतं. शेजारणीने, डॉक्टरने, मावश्यांनी फोनवर. ऑफिसात पुष्कर सरांनी सगळ्यांना मेल केला होता. माधवीला ते एकदाही म्हणावं लागलं नव्हतं.

“आई गेली,” ती म्हणाली. “ऑगस्टमधे.”

गीताबाई तशाच खाली बसल्या, चौकटीतच, अर्ध्या घरात आणि अर्ध्या स्वयंपाकघरात. पिठाचे हात त्यांनी मांडीवर उताणे ठेवले. “मला कुणी कळवलं नाही,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा, “मला कुणीच कळवलं नाही ग.” आणि त्या रडू लागल्या. मोठ्याने नाही, खांदे हलत होते. माधवी उठून त्यांच्याजवळ गेली आणि फरशीवर बसली. मावश्यांच्या पाठीवरून फिरवला तसा हात ती फिरवणार होती, पण हात उचललाच गेला नाही. ती नुसती खेटून बसली. गीताबाईंच्या अंगाला ज्वारीच्या पिठाचा वास येत होता.

भाकरी खाल्ल्याशिवाय त्यांनी जाऊ दिलं नाही. जेवताना त्या मनकर्णाबद्दल बोलत राहिल्या. ती इथे आली की गच्चीवर जाऊन रेल्वेच्या गाड्या बघत बसायची. तिला एकदा बोटीत बसायचं होतं, हुसेनसागरच्या नव्हे, खऱ्या. ती इथे मोठमोठ्याने हसायची. किशनराव खाली मान घालून ऐकत होते. घरी मनकर्णा तोंडाला पदर लावून हसायची.

निघताना गीताबाई किशनरावांना ‘परत या’ म्हणाल्या नाहीत. माधवीला म्हणाल्या, “तुझा नंबर दे.” माधवीने दिला.

बसस्टॉपवर ऊन होतं. किशनराव खांबाच्या बारक्या सावलीत उभे राहिले. माधवी रस्त्याकडे बघत होती आणि डोक्यात एकेक प्रश्न येत होता. तापात मला काखेत घेऊन तू एवढ्या लांब कशी आलीस? बाबांना एकदाही कसं बोलली नाहीस? बोटीत बसायचं होतं ते मला का नाही सांगितलंस? घरी गेल्यावर आईला हे विचारायचं, असं तिने ठरवलं. अगदी सहज ठरवलं, भाजी काय आणायची ते ठरवावं तसं.

मग ती रस्त्याच्या कडेला खाली बसली.

“काय झालं?” किशनराव म्हणाले. “माधवी? काय झालं ग?”

समोरून उप्पलची बस आली, थांबली आणि माणसं चढली. कंडक्टर दारातून ओरडला, “आना है क्या अम्मा?” किशनरावांनी त्याला हाताने ‘जा’ म्हणून सांगितलं आणि गुडघ्यावर हात टेकवत, सावकाश, तेही तिच्या शेजारी बसले.